उजव्या आरशाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण आरसा म्हटल्यावर लगेच केसांवरून हात फिरवू नका. मी त्या कामाचा नाही. मी मोटारसायकलचा उजवा आरसा आहे. तुम्हाला तुमचे तोंड दाखवायला मला बनवलेले नाही, तुमच्या मागे कोण आहे ते दाखवायला बनवलेले आहे. एवढी साधी गोष्ट गेली चौदा वर्षे मी सांगतो आहे आणि ती कोणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून आज जरा आवाज चढवून सांगणार आहे. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. मोठ्या काचेतून माझा तुकडा कापला, भट्टीत तापवून मला पोटाकडून किंचित फुगवले, पाठीला चकचकीत मुलामा दिला आणि काळ्या वाटीत बसवून खाली दांडा जोडला. पोट फुगलेले असल्यामुळे माझ्यात रस्ता जास्त मावतो, पण गाड्या असतात त्याहून लहान आणि लांब दिसतात. म्हणजे माझ्यात ट्रक लांब दिसला, तर तो जवळ आला आहे असे समजायचे. हा माझा दोष नाही, माझ्याकडे बघायची ती रीत आहे. शेडच्या टोकाला एक तपासनीस बाई बसायच्या. त्यांच्यामागे भिंतीवर रेघारेघांचा फळा होता. प्रत्येक आरसा त्या फळ्यासमोर धरायच्या आणि त्यात कुठे एखादी रेघ थरथरलेली दिसली, की आरसा सरळ पिंपात. माझ्या आधीचे दोघे पिंपात गेले. मी पास झालो, आणि माझ्यामागून माझा डावा भाऊ पास झाला. आयुष्यात मी एकच परीक्षा दिली आणि ती पहिल्या फटक्यात पास झालो, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

आम्हा दोघांना ज्या मोटारसायकलवर बसवले, ती एका घड्याळजींनी घेतली. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे घड्याळ-दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. वर्षभर हा माणूस एका डोळ्याला भिंग लावून तिळाएवढ्या चक्रांशी झटापट करायचा, आणि वर्षातून एकदा पाच-सहा दिवस दुकानाला कुलूप ठोकून हजार-बाराशे किलोमीटरचा पल्ला मारून यायचा. बारीक बघून बघून डोळे आखडतात, त्यांना लांबचे काहीतरी दाखवावे लागते, असे ते गिऱ्हाइकांना सांगायचे. निघायच्या आदल्या दिवशी घड्याळांच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने ते आम्हा दोघा भावांना पुसायचे. आधी वाफ द्यायचे, मग गोल गोल पुसायचे. बाकीच्या गाडीला मेली एक जुनी चिंधी होती. त्यावरून आमचा मान तुमच्या लक्षात येईल.

त्यांच्याबरोबर दोघे जण असत. एक बेकरीवाला, पाठ दरवाजाएवढी आणि बोलणे दिवसाला चार वाक्ये. दुसरी घड्याळजींची थोरली बहीण. घरात तिला सगळे आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. तीस वर्षे लोकांना ‘हलू नका, श्वास रोखा’ सांगून तिचा आवाजच तसा झाला होता. ती चहा मागायची तरी चहावाला क्षणभर जागच्या जागी थांबायचा. तिची गाडी लहान आणि जागा कायमची शेवटची. पुढे जाऊन काय करू, मागून सगळे नीट दिसतात, असे म्हणायची.

आता त्यांचा नियम ऐका, कारण सगळे त्याच्यावरच आहे. हायवेला लागले की प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचे. दर अर्ध्या मिनिटाला आरशात बघायचे. मागचा दिवा दिसला, ठीक. दिसला नाही, तर वेग कमी करायचा. तरी दिसला नाही, तर कडेला घेऊन थांबायचे. तुम्ही थांबलात की पुढच्याच्या आरशातून तुम्ही नाहीसे होता, म्हणून तोही थांबतो, मग त्याच्या पुढचा, आणि असे करत सगळ्यात पुढचाही. फोन नको, हॉर्न नको, आरडाओरडा नको. सगळा कारभार आरशांवर. दिवसाढवळ्याही गाड्यांचे दिवे चालू ठेवायचे ते त्यासाठीच.

या नियमावर ते तेरा वर्षे फिरले. मी आयुष्यात पुढचा रस्ता एकदाही पाहिलेला नाही. मला सगळे जग निघून जाताना दिसते. पण मागचा रस्ता मी जेवढा पाहिला तेवढा कोणी पाहिला नसेल. एकाला एक चिकटून धावणारे ट्रक, डोक्यावर डोंगर बांधल्यासारख्या गवताच्या गाड्या, मोटारीच्या खिडकीतून बाहेर आलेला लहान मुलाचा हात, उन्हाने पाणी सांडल्यासारखे दिसणारे डांबर. आणि त्या सगळ्यात बेकरीवाल्याचा दिवा, अन् वळणावर त्याच्याही मागे आत्याचा. एकदा बेकरीवाल्याच्या गाडीची साखळी तुटली. मी ते घड्याळजींना दाखवले, आणि मिनिटभरात तिघे एका झाडाखाली उभे होते. त्या दिवशी घड्याळजींनी माझ्या वाटीवर बोट वाजवले आणि म्हणाले, “हा मागे बघतो म्हणून मला पुढे बघता येतं.” एवढीच शाबासकी मला मिळाली आहे. अजून पाठ आहे.

बाकी जगाने काय केले म्हणता? गाडी उभी दिसली की येणाऱ्या-जाणाऱ्याने माझ्यात भांग पाडला. मुरुमे फोडली. दातात अडकलेले काढले आणि बोट माझ्यावरच पुसले. हेल्मेट अडकवायला खुंटी सापडत नाही, तर माझ्या मानेवर. दोन किलोचे ओझे घेऊन मान ढिली झाली की पुन्हा वर तोंड करून म्हणायचे, हा आरसा हलतो बुवा. मित्रांनो, तुमच्या मानेवर कोणी दोन किलोचे भांडे अडकवले तर तुम्ही हलणार नाही का? एक चिमणी सबंध उन्हाळा मला टोचे मारत होती. तिला मी माफ केले. तिला वाटायचे मागे खरेच कोणीतरी आहे. तेवढे तरी माणसांना वाटायला हवे होते.

मग घड्याळजींच्या मुलीचे लग्न झाले आणि जावईबापू आले.

मी त्यांना जावईबापू म्हणतो ते कौतुकाने नव्हे. पण खोटे कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. जाहिरातीच्या कंपनीत काम, बोलणे गोड, गाडी चालवणे झकास. घड्याळजींचे मनगट दुखू लागले होते. त्यांनी स्वतःसाठी हलकी गाडी घेतली आणि आमची मोठी गाडी मोठ्या हौसेने जावयाला दिली. घरात त्यांचे सगळे अहोजाहोने चालायचे. जावईबापू बसले की पंखा त्यांच्याकडे वळायचा, जावईबापू विनोद करणार म्हटले की बेकरीवालासुद्धा आधीच हसून ठेवायचा. आणि यंदाच्या सफरीला जावईबापू येणार म्हटल्यावर घड्याळजींनी नियम त्यांना तीनदा समजावून सांगितला. नियम त्यांना फारच आवडला. ह्याच्यावर तर फिल्म होईल, म्हणाले.

निघायच्या चार दिवस आधी ते पाना घेऊन आले आणि दोन मिनिटांत त्यांनी मला उपटले. वाटेत स्वतःचे चित्रण करायचे होते, आणि कॅमेऱ्याचा दांडा बसवायला माझ्या भोकासारखी दुसरी जागा नव्हती म्हणे. जिथे मी तेरा वर्षे मागचे बघत उभा होतो, तिथे त्यांनी एक डोळा बसवला, आणि तो डोळा वळवला कुणाकडे? स्वतःच्या तोंडाकडे. माझा डावा भाऊ चित्राच्या चौकटीत मध्येच येत होता, म्हणून त्याची मान पिळून त्याला आत वळवले. मला नेऊन टाकले दुकानाच्या मागच्या खोलीतल्या डब्यात, तुटक्या पट्ट्या आणि बंद पडलेल्या गजरांच्या शेजारी. संतापाने माझा मुलामा निघायची वेळ आली होती.

डब्यात मी दोनच दिवस राहिलो. त्या आठवड्यात पेट्रोलपंपावर आत्याची गाडी उभ्याउभ्या कलंडली आणि तिचा उजवा आरसा फुटला. घड्याळजींनी डबा उघडला, मला हातात घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. मी इथे कसा, हे त्यांना तेव्हाच कळले. त्यांनी मला फडक्याने पुसले, आत्याच्या गाडीला बसवले, आणि माझी मान तिच्या उंचीला लावून दिली.

निघायच्या सकाळी चारही गाड्या दुकानापुढे रांगेत उभ्या होत्या. घड्याळजी जावयाच्या गाडीला एक फेरी मारून आले. “आरसा काढलात वाटतं?” असे त्यांनी हळूच विचारले.

“कॅमेऱ्याला जागा हवी होती, बाबा. मी मान वळवून बघत जाईन ना.”

घड्याळजींनी तोंड उघडले आणि मिटले. मित्रांनो, सिग्नलला अनोळखी माणसाचा आरसा वाकडा दिसला तर हात घालून सरळ करणारा हा माणूस. दुरुस्त केलेले घड्याळ अर्धे मिनिट मागे पडले तर ते न देता गिऱ्हाइकाला परत पाठवणारा. पण समोर जावई होता आणि दारात मुलगी उभी होती. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, जणू काही चूक चष्म्याची होती. ते बघून आत्या मागून म्हणाली, “असू दे रे. मी आहे ना मागे. मी काय सुटून पडते का?”

तेव्हा मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. ती मागे होती, हाच तर प्रश्न होता.

पहिला दिवस नीट गेला. जावईबापू सकाळी मान वळवून बघत होते. दुपारपर्यंत कमी झाले. मान वळवणे हा काही दर अर्ध्या मिनिटाला करायचा व्यायाम नाही, म्हणूनच तर आमची जात जन्माला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी हायवे नुसता भरून वाहत होता. पुढे घड्याळजी, मग बेकरीवाला, मग जावईबापू, शेवटी आत्या आणि तिच्याबरोबर मी. आत्या मात्र नियमाने माझ्याकडे बघत होती, तिच्या मागे आपले कोणी नसतानासुद्धा. तीस वर्षांची शिस्त होती ती.

माझ्यात एक निळा कंटेनर आला. लांब होता, म्हणजे जवळ होता. मी त्याच्या काचेतून ड्रायव्हरचे डोके पाहिले. ते खाली वाकलेले होते, मांडीवरच्या कशाकडे तरी. त्याच्या दारांना माझ्या दहापट मोठे दोन आरसे होते, समोर भिंतीएवढी काच होती, आणि तो मांडीत बघत होता. कंटेनर हळूहळू आमच्या पट्टीत सरकला. आत्याने माझ्यात पाहिले. तिला सगळे एका नजरेत कळले. तिने हॉर्न दिला, गाडी डावीकडे कडेला घातली, आणि कंटेनर आमच्या शेजारून असा गेला की त्याच्या वाऱ्याने मी दांड्यावर गर्रकन फिरलो. तिथवर तिने स्वतःला वाचवले, आणि सांगायला हरकत नाही, मी तिला वाचवले. पण कडेला सुटी खडी होती. पुढचे चाक घसरले, कठडा नेमका तिथेच संपलेला होता, आणि आम्ही उतारावरून खाली गवतात गेलो. कंटेनर थांबला नाही. त्याला काही झाल्याचे कळलेच नसणार.

गाडी तिच्या डाव्या पायावर पडली होती. गुडघा असा वळला होता, जसा गुडघा वळत नाही. आत्याने एक मोठा श्वास घेतला आणि स्वतःलाच अहोजाहो करत म्हणाली, “हलू नका.” मग तिने वाट पाहायला सुरुवात केली. घाबरलेली दिसत नव्हती. कारण तिला नियम ठाऊक होता. जावई मान वळवून बघेल तेव्हा तिचा दिवा दिसणार नाही, म्हणजे तो वेग कमी करणार, मग थांबणार, मग बेकरीवाला, मग भाऊ. पाच मिनिटांत वर तिघांची डोकी दिसतील, असा तिचा हिशोब होता. ती मनगटावरच्या घड्याळात बघत होती. भावानेच दुरुस्त केलेले घड्याळ, ते चुकणार नव्हते.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. पंधरा झाली.

पुढे काय चालले होते ते मला नंतर डाव्या भावाने सांगितले. घड्याळजी आरशात बघत होते, बेकरीवाला दिसत होता. बेकरीवाला आरशात बघत होता, जावई दिसत होता. दोघेही निश्चिंत. नियम अगदी नीट चालू होता, फक्त एका जागी तुटला होता, आणि तिथून पुढे कोणाला पत्ता नव्हता. माझा भाऊ म्हणाला, सबंध दिवस मी जावयाच्या जॅकेटच्या चेनकडे बघत होतो. चेन चांगली होती, असेही म्हणाला. त्याचा स्वभाव माझ्याहून शांत आहे.

अर्ध्या तासाने लांब गवतात आत्याचा फोन वाजू लागला. तो पडताना उडून पडला होता आणि तिचा हात तिथवर पोहोचत नव्हता. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आले. वरून गाड्यांचा आवाज अखंड येत होता. मी सातशेपर्यंत गाड्या मोजल्या आणि मग मोजणे सोडून दिले. शेकडो गाड्या आणि त्यांचे दुप्पट आरसे आमच्या डोक्यावरून चालले होते, आणि खाली उतारात एक बाई पायावर गाडी घेऊन पडली होती.

माझा दांडा मुळाशी मोडला होता आणि माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला होता. आत्याने हात लांब करून मला ओढून घेतले. क्षणभर वाटले, ही पण आता आपले तोंड बघणार. पण तिने मला उन्हाकडे धरले आणि माझ्यातले ऊन रस्त्याकडे फेकले. तिने कोपर दगडावर टेकवले आणि मला एका लयीत हलवू लागली. मी फुगीर पोटाचा, माझा उजेड फार लांब जात नाही. तरी मी होता नव्हता तेवढा सगळा उजेड दिला. ज्यांना दिसला त्यांना वाटले असेल, काचेचा तुकडा पडलाय.

शेवटी दुधाचा एक टँकर पुढे जाऊन थांबला आणि कडेकडेने मागे आला. ड्रायव्हर धापा टाकत उतारावरून खाली आला. म्हणाला, “आधी वाटलं बाटली पडलीय. पुढे गेल्यावर आरशात बघितलं, तर चमक हलत होती. बाटली कशाला हलेल?”

बघा. एकाने बघितले. सबंध हायवेवर एका माणसाने पुढे गेल्यावरही मागे बघितले.

तो तिचे खांदे धरून ओढायला वाकला, तेव्हा आत्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, “मला ओढू नका. आधी गाडी उचला. सरळ वर.” त्याने मुकाट्याने तसेच केले. अॅम्ब्युलन्स आली तेव्हाच पलीकडच्या बाजूने तिघेही पोहोचले. पेट्रोलपंपावर थांबल्यावर चौथी गाडी नाही हे त्यांना कळले होते. मधल्या दुभाजकामुळे नऊ किलोमीटर आणखी पुढे जाऊन त्यांना वळावे लागले होते. घड्याळजी वाहता रस्ता आणि दुभाजक ओलांडून धावत आले. बेकरीवाल्याने मला आणि आत्याचा फोन गवतातून उचलून खिशात घातले. जावई दुभाजकापाशीच उभे राहिले होते.

पाय वाचला. गुडघा नाही वाचला. डॉक्टर म्हणाले, पायातले रक्त बराच वेळ अडकून राहिले, तासभर आधी आणले असते तर गुडघा वाकला असता. आत्याने आपला एक्स-रे मागून घेतला, खिडकीकडे धरून नीट बघितला आणि डॉक्टरांना सांगितले की बरोबर आहे तुमचे. पुन्हा मोटारसायकल चालवता येणार नाही, हे तिने स्वतःच इतरांना सांगितले.

महिन्याभराने दुकानाच्या मागच्या खोलीत ती स्टुलावर पाय सरळ ठेवून बसली होती. घड्याळजी टेबलाशी होते आणि मी त्या टेबलावर, घड्याळांच्या पसाऱ्यात. जावई आले. लॅपटॉप घेऊन आले होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, “आत्या, तुम्हाला एक दाखवायचंय. मी कालच पाहिलं. कोणाला दाखवलं नाही.”

पडद्यावर जावई होते. हेल्मेटची काच वर, चेहऱ्यावर हसू, मागे पळणारा हायवे. कॅमेऱ्याकडे बघत ते सांगत होते, “आमच्या ग्रुपचा पहिला नियम. मागच्याला कधी सोडायचं नाही.” आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर, मागे, अगदी लहान, एक दिवा होता. आत्याचा दिवा. तो दिवा एका बाजूला सरकला, एक निळा ठोकळा मध्ये आला, आणि तो निळा ठोकळा मोठा होत बाजूने निघून गेल्यावर मागे दिवा नव्हता. जावई बोलतच होते. आरशांचा नियम समजावून सांगत होते. हातवारे करून सांगत होते.

“मागे घे,” आत्या म्हणाली. “थांबव.” आजवर ती जावयाला कधी अरेतुरे बोलली नव्हती. चित्र थांबले. ती पुढे वाकून बघत राहिली, जशी हाडातली बारीक भेग बघायची तशी.

“यानंतर सव्वीस मिनिटं मी बोलतोय,” जावई म्हणाले. “सव्वीस मिनिटं, आत्या. सगळं इथे दिसत होतं.”

“फोटो स्वच्छ आलाय,” आत्या म्हणाली. “बघायला कोणी नव्हतं, एवढंच.”

खोलीत भिंतीभर घड्याळे होती आणि सगळी चालू होती. घड्याळजींनी हातातले घड्याळ खाली ठेवले आणि जावयाकडे न बघता म्हणाले, “मला निघायच्या आधीच दिसलं होतं. गिऱ्हाईक असतं तर पाय धरून थांबवलं असतं. तू जावई, म्हणून गप्प बसलो. हिचा गुडघा माझ्याही गप्प बसण्यानं गेलाय.”

“मग बोलायचं होतं ना, बाबा. कानाखाली मारायची होती.”

“तीच चूक झाली,” घड्याळजी म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून त्या घरात जावयाला कोणी अहोजाहो करत नाही. मीही करत नाही. पंखा आता आत्याच्या पायाकडे असतो.

कॅमेऱ्याचा दांडा त्याने स्वतः काढला. माझा मोडलेला दांडा नवा करून घेतला आणि मला माझ्या जुन्या भोकात पुन्हा बसवले. डाव्या भावाची मान सरळ केली. तडा गेलेली काच बदलून आणतो म्हणाला, तर आत्याने हात वर केला. राहू दे तशीच, म्हणाली. म्हणून माझ्या वरच्या कोपऱ्यात अजून एक रेघ आहे. त्या तपासनीस बाईंनी आज मला पिंपात टाकले असते.

या वर्षी तिघेच निघाले. आत्या दारात खुर्चीवर बसून होती. निघताना जावयाने सगळ्यात मागची जागा मागून घेतली. बेकरीवाला आता त्याला सांभाळतो. आणि जावई दर अर्ध्या मिनिटाला, न चुकता, माझ्यात बघतो. त्याने त्या सहा दिवसांत माझ्याकडे जेवढे पाहिले तेवढे कोणी पाहिले नाही. मी काय दाखवणार? रस्ता दाखवतो, ट्रक दाखवतो, ऊन दाखवतो. त्याला जे बघायचे आहे ते माझ्यात नाही. तरी तो बघतो, आणि दरवेळी मला त्याचा राग यायच्या ऐवजी दया येते, आणि मग माझाच मला राग येतो.

तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, हौसेने लांब लांब जाल. जरूर जा. हायवे काही मोठ्यांची जहागीर नाही. मला पुसायचे राहिले तर एक वेळ चालेल, चिमणी घाण करून गेली तरी चालेल. पण निघण्याआधी माझी मान सरळ करा, आणि तुमच्या बरोबरच्याने आरसा काढलेला दिसला तर तो कोणाचा कोण आहे हे न बघता त्याला तिथल्या तिथे बोला. त्याला वाईट वाटू दे. आणि मागे तुमचे कोणी आहे तोवर माझ्यात बघत राहा. ते नसले, की माझ्यात नुसता रस्ता दिसतो.